रोमान्स कादंबरी वाचताना शेजारी वही ठेवा

पहिली समकालीन रोमान्स कादंबरी संपते आणि मैत्रीण विचारते, "कशी होती गं?" बहुतेकींचं उत्तर एका वाक्यात आटपतं: "छान होती, पण हिरॉइन जाम डोक्यात गेली." कुठल्या पानावर डोक्यात गेली, तिने नेमकं काय केलं, आणि तरीही रात्री दीड वाजेपर्यंत पुस्तक हातातून का सुटलं नाही, हे सांगता येत नाही. आठवड्याभराने तर नायकाचं नावही आठवत नाही. मी गेली काही वर्षं या कादंबऱ्या वाचताना शेजारी वही ठेवते आणि पात्रांबद्दल मनात जे येईल ते तिथल्या तिथे टिपते. नव्याने वाचायला लागलेल्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती रीत इथे सांगते आहे.

समकालीन रोमान्स म्हणजे आजच्या काळात घडणारी प्रेमकथा. यातली माणसं नोकरी करतात, घरभाडं भरतात, मेसेज वाचून उत्तर द्यायचं टाळतात. राजेरजवाडे, व्हॅम्पायर आणि ड्रॅगन यांची दालनं वेगळी. माझं बरंचसं वाचन इंग्रजीतलं आहे, अमेरिका-ब्रिटनमध्ये घडणाऱ्या कादंबऱ्यांचं, त्यामुळे उदाहरणंही तिकडचीच येतील.

आधी शेवट मान्य करा

नव्या वाचकाची पहिली तक्रार ठरलेली असते: "शेवट आधीच कळला." या प्रकारात शेवट कळलेलाच असतो, तोच तर करार आहे. अमेरिकेत १९८० साली स्थापन झालेल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेने रोमान्सची जी व्याख्या रूढ केली तिच्यात दोनच अटी आहेत. प्रेमकथा कादंबरीच्या केंद्रस्थानी हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. वाचकमंडळी याला 'एचईए' म्हणतात, म्हणजे दोघं कायमची सुखात. लग्नापर्यंत गाडी गेली नाही, पण सध्या सगळं छान आहे, अशा शेवटाला 'एचएफएन'.

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केलं तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी माणसं बघायला बसलीच ना! रोमान्स वाचताना तीच बैठक लागते. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गावातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी सविस्तर बोलून लिहिलं आहे. त्यातल्या काहीजणी अनोळखी लेखिकेचं पुस्तक घेण्याआधी शेवटची पानं चाळून बघत. सुखान्त आहे ना, एवढी खात्री पटली की मग निर्धास्तपणे दुःखाच्या प्रकरणांत शिरायचं. मला त्यांचं वागणं अगदी पटतं. शेवट माहीत असला की 'काय होणार' ही धाकधूक संपते आणि सगळं लक्ष 'ही दोघं तिथवर पोचतात कशी' याकडे लागतं.

पामेला रेजिस या अभ्यासिकेने २००३ साली रोमान्स कादंबरीचे आठ घटक मांडले. पहिल्या पुस्तकाला आठही शोधत बसू नका. तीन पुरेत: दोघांची पहिली भेट, त्यांच्यामधला अडसर, आणि आता हे कधीच एकत्र येणार नाहीत असं वाटायला लावणारी जागा. ही तीन पानं सापडली की तिथे वहीत खूण करा. अडसराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण पात्रांबद्दलचा आपला राग-लोभ बहुतेक त्याच्याभोवती फिरतो.

ज्यांनी कॉलेजात भाड्याच्या लायब्ररीतून मिल्स अँड बून आणून वाचली आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी १९०८ मध्ये लंडनला काढलेली ही संस्था १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने घेतली, आणि २००८ मध्ये तिचं भारतातलं प्रकाशन सुरू झालं. आपण वाचली ती पुस्तकं दोनशे पानांच्या आतबाहेरची होती आणि कथा बरीचशी नायिकेच्या नजरेतून दिसे. नायक शेवटच्या प्रकरणापर्यंत बंद कपाटासारखा. आजच्या बऱ्याच कादंबऱ्या साडेतीनशे पानांच्या असतात आणि एक प्रकरण ती बोलते, एक तो. त्याला काय वाटतंय हे आपल्याला तिच्याआधी कळतं. त्यामुळे "हा असा का वागला?" हे कुतूहल कमी होतं आणि "अरे, सांग ना तिला!" ही तळमळ वाढते. जुन्या सवयीने वाचायला बसलात तर पहिली पन्नास पानं चुकल्याचुकल्यासारखं होईल. थोडी कळ काढा.

पहिलं पुस्तक निवडताना

मालिकेतलं तिसरं पुस्तक उचलू नका. प्रत्येक भागात वेगळी जोडी असली तरी आधीच्या जोड्या जेवणाच्या टेबलावर भेटत राहतात आणि आपण लग्नघरात चुकून शिरल्यासारखे बसतो.

मग ट्रोप बघा. ट्रोप म्हणजे कथेचा ओळखीचा साचा. खोटं-खोटं प्रेम करायचं नाटक आणि मग खरंच प्रेम, ते फेक डेटिंग. आधी हाडवैर आणि मग ओढ, ते एनिमीज टू लव्हर्स. जुनं तुटलेलं नातं पुन्हा जुळणं, ते सेकंड चान्स. एक तिरसट, एक हसतमुख, ते ग्रम्पी-सनशाइन. पहिल्या वाचनाला मी सेकंड चान्स किंवा मित्रमैत्रिणीचं प्रेमात रूपांतर, यांतलं एखादं सुचवेन. हाडवैराच्या कथेत पात्रं सुरुवातीला एकमेकांशी इतकं वाईट वागतात की नव्या वाचकाचा धीर तिथेच सुटतो.

मुखपृष्ठावर जाऊ नका. हल्ली गुलाबी-पिवळ्या रंगातली गोंडस चित्रं सगळ्यांवर असतात. आत नुसतं हातात हात आहे की शयनगृहाची सविस्तर वर्णनं, हे त्यावरून कळत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला काही लेखिका कोणते विषय येतात याची पूर्वसूचना देतात: गर्भपात, आईवडिलांचा मृत्यू, घरातली मारहाण. ती वाचा. आपल्या दुखऱ्या जागेवर पुस्तक बेसावधपणे बोट ठेवणार असेल तर ते आधी माहीत असणं चांगलं. किंडलवर सुरुवातीची पानं फुकट वाचता येतात, दुकानात उभ्याउभ्या पहिलं प्रकरण वाचता येतं. तेवढ्यात नायिकेचा आवाज कानाला गोड लागला नाही तर पुस्तक ठेवून द्या.

वहीत काय लिहायचं

दोनशे पानी साधी वही चालते. पुस्तक लायब्ररीचं असेल तर त्यावर पेन्सिलही चालवू नका, पानांत कागदाच्या चिठ्ठ्या घाला. वहीत प्रत्येक नोंदीला चार गोष्टी: पान क्रमांक, कोणत्या पात्राबद्दल, काय वाटलं, आणि का. पहिल्या तीन लगेच लिहायच्या. चौथी रिकामी ठेवली तरी चालते, ती दुसऱ्या दिवशी भरा.

लगेच लिहा असं मी आग्रहाने सांगते, कारण पुस्तक संपलं की मन लबाडी करतं. सुखान्त झाला की मधला सगळा त्रास आपण माफ करून टाकतो. आणि शेवट फसला तर पहिल्या शंभर पानांत किती हसलो होतो हे विसरतो. पान ४० वर हसू आलं असेल तर पान ४० समोर "हसू आलं" असं लिहिलेलं हवं, म्हणजे पुढे ते नाकारता येत नाही.

आता शब्दांबद्दल. "आवडलं" आणि "बोअर" या दोन शब्दांवर वही भरणार असेल तर वहीचा उपयोग नाही. इंग्रजी पुस्तकाची नोंद मी मराठीत करते, कारण माझ्या भावनांना माझ्याच भाषेत नेमकी नावं सापडतात. एकट्या रागाचंच बघा. पात्र चुकीचं वागलं की येतो तो राग. तीच चूक तिसऱ्यांदा केली की येते ती चीड. त्या दोघांचं भांडण झालं आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली, पण मनातून त्याने यावं अशी इच्छा आहे, तो रुसवा. रुसव्याला हक्क लागतो, परक्या माणसावर कुणी रुसत नाही. इंग्रजी पानावर नुसतं 'तिला राग आला' असं लिहिलेलं असतं आणि मी वहीत "रुसली" असं लिहिते, त्या क्षणी मला कळतं की ही बाई त्याला आपला मानायला लागली आहे. तिला स्वतःला हे कळायला अजून साठ पानं आहेत.

तसंच हुरहुर वेगळी, हिरमोड वेगळा. दोघं स्टेशनवर निरोप घेतात आणि आपल्यालाच काहीतरी राहून गेल्यासारखं होतं, ती हुरहुर. सबंध प्रकरणभर ज्या भेटीची वाट पाहिली ती लेखिकेने अर्ध्या पानात उरकली, तो हिरमोड. कीव आणि कणव यांतही गल्लत करू नका. पात्राची कीव येत असेल तर आपण त्याच्यापेक्षा वर उभे आहोत. कणव येत असेल तर आपण त्याच्या शेजारी बसलो आहोत. नायकाची नुसतीच कीव येत राहिली तर ती प्रेमकथा माझ्यापुरती बुडते, मग शेवट कितीही गोड असो.

राग नेमका कुणाचा?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि इथे घाई करू नये.

समजा, अशी गोष्ट आहे. नायिका एका छोट्या गावात बेकरी चालवते. बेकरीवर कर्ज आहे आणि बँकेने हिशेब तपासायला नायकाला पाठवलं आहे. पान ११० च्या आसपास दोघं जवळ येतात. पान २६० वर तिला कळतं, की बेकरी बंद करावी अशी शिफारस त्याने पहिल्याच आठवड्यात पाठवून दिली होती. तो समजावायला येतो, ती दार लावून घेते आणि पुढची चाळीस पानं त्याचा फोन उचलत नाही. तुम्ही वहीत लिहिता: "पान २६३. हिची चीड आली. फोन उचल ना बाई!"

आता मागे जा. पान ४८ वर असं आहे का, की तिचे वडील घर सोडून गेले तेव्हा रोज फोन करीन म्हणाले होते, आणि ती लहान मुलगी संध्याकाळभर फोनपाशी बसून राहायची? तसं असेल तर ती फोन का उचलत नाही हे पुस्तकाने आधीच पेरलेलं आहे. फोनवरच्या शब्दावर तिचा विश्वासच नाही. तुमची चीड खरी आहे, पण ती जिवंत माणसाची आलेली चीड आहे, आपल्या धाकट्या बहिणीची यावी तशी. हे पुस्तकाचं यश आहे. नोंद तशीच ठेवा आणि शेजारी "पान ४८ बघ" असं लिहा.

मागे तसलं काहीच नसेल तर? अडीचशे पानं ही बाई सगळ्यांशी रोखठोक बोलत आली आहे. पीठवाल्याशी, मेयरशी, सख्ख्या आईशी. आणि आता अचानक तिची वाचा बसली. इथे राग पात्राचा नसून लेखिकेचा आहे. तिला चाळीस पानांचा विरह हवा होता, म्हणून तिने पात्राची मान पिरगाळली. वहीत स्पष्ट लिहा: "हे तिचं वागणं नाही, हे कथानकाचं वागणं आहे." रोमान्सच्या वाचकांत ज्या प्रसंगाची सगळ्यात जास्त तक्रार होते तो हाच, पाऊण पुस्तक झाल्यावर येणारा थर्ड अ‍ॅक्ट ब्रेकअप. तो येणं वाईट नाही. अडसर आतून आला आहे की वरून टाकला आहे, एवढंच पारखायचं.

तिसरी शक्यता लिहायला जड जाते. अशाच एका प्रसंगात मी वहीत नायिकेला इतकं टाकून बोलले होते, की दुसऱ्या दिवशी वाचून मलाच धक्का बसला. तिने केवळ फोन उचलला नव्हता, आणि माझी भाषा तिने कुणाचा खून केल्यासारखी. मग आठवलं, की एका जुन्या मैत्रिणीचे फोन मी आठ महिने उचलले नव्हते आणि नंतर उचलायची वेळ निघून गेली. तो राग पुस्तकातल्या बाईचा नव्हताच. अशी नोंद सापडली तर ती खोडू नका. ती कुणाला दाखवायचीही गरज नाही, फक्त पुस्तकावर मत देताना बाजूला काढून ठेवा. त्या बिचाऱ्या बेकरीवालीने आपलं काही बिघडवलेलं नसतं.

तराजू एकच ठेवा

माझ्या जुन्या वह्यांत नायिकांबद्दलच्या तक्रारींनी पानं भरलेली आहेत: हट्टी, रडकी, स्वार्थी, फार बोलते. नायकांबद्दल? "थोडा अबोल आहे, पण मनाचा चांगला." हे लक्षात आल्यावर मी एक युक्ती सुरू केली. नायिकेविरुद्ध नोंद लिहिली की तेच वाक्य नायकाचं नाव घालून पुन्हा लिहायचं. "बढतीसाठी तिने त्याला न विचारता दुसऱ्या शहरात जायचं ठरवलं" यात "तिने"च्या जागी "त्याने" लिहिलं आणि राग उतरला, तर खोट तराजूत आहे. बायका नायिकेच्या जागी स्वतःला ठेवून वाचतात, म्हणून तिच्याकडून जास्त शहाणपणाची अपेक्षा करतात. हे मला समजतं. पण तिला चुकायची मुभा दिल्याशिवाय तिची गोष्ट पुढे कशी सरकणार?

उलटंही तपासा. नायक श्रीमंत, उंच आणि दुःखी असला की त्याची मुजोरी आपण 'ठसका' म्हणून खपवून घेतो का? तो तिचा फोन तपासतो, तिच्या मित्राला धमकावतो, न विचारता तिचं भाडं भरून टाकतो. कादंबरीतलं सगळंच आयुष्यात हवं असतं असं नाही, कल्पनेत मोकळीक घ्यायला वाचकाला पूर्ण हक्क आहे. तरी नोंदीत खरं लिहा: "पान १३०. भुरळ पडली. घरात असा माणूस नको." दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

'यू' चा तू कधी झाला?

परक्या मुलखातली प्रेमकथा वाचताना काही वेळा आपली प्रतिक्रिया पात्रांमुळे नसते, रीतिभातींमुळे असते. अमेरिकन कादंबरीत दोघं चार महिने भेटत आहेत, एकमेकांकडे राहत आहेत, आणि तरी 'आय लव्ह यू' म्हणायला नायिकेची छाती होत नाही. आपण म्हणतो, एवढं सगळं झालं आणि आता कसली भीती? आपल्या सिनेमांनी आपल्याला उलटा क्रम शिकवला आहे: आधी कबुली, मग ओळख. तिकडे ते तीन शब्द म्हणजे जवळजवळ वचन. ते कोण आधी म्हणतं, समोरचा लगेच उत्तर देतो की गप्प राहतो, यावर अख्खं प्रकरण उभं राहतं. ते एकदा ध्यानात आलं की त्याच प्रसंगात जीव वरखाली व्हायला लागतो.

खेळाडूंच्या प्रेमकथाही खूप निघतात, आणि त्यात 'हॉकी रोमान्स' हा शब्द वारंवार दिसेल. हॉकी म्हणजे ध्यानचंदांची हॉकी समजू नका, ही बर्फावरची आइस हॉकी आहे. १९१७ मध्ये माँट्रियलला स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये आज अमेरिका आणि कॅनडाचे मिळून ३२ संघ आहेत, आणि संघ आपला खेळाडू हंगाम चालू असताना दुसऱ्या संघाला देऊ शकतो. आज बोस्टनला असलेला मुलगा पुढच्या आठवड्यात हजारो किलोमीटर लांब. हे माहीत नसेल तर नायिकेची "तू जाशील" ही भीती उगाचची वाटते.

पण माझी सगळ्यात आवडती नोंद या सगळ्याहून वेगळी आहे. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच 'यू'. मराठी वाचकाच्या डोक्यात मात्र संवाद आपोआप मराठीत होत राहतो आणि तिथे निवड करावीच लागते. ऑफिसातला वरिष्ठ आणि नवी कर्मचारी. पहिल्या प्रकरणात ती त्याला मनातल्या मनात "तुम्ही" म्हणते. लिफ्ट बंद पडते, कॉफी सांडते, भांडण होतं, आणि कुठल्यातरी पानावर वाचताना माझ्या कानात तिचं "तू" ऐकू येतं. ते पान मी टिपून ठेवते. इंग्रजी लेखिकेने तिथे काय केलेलं असतं ते शोधायला मला फार आवडतं: आडनावावरून नावावर आलेली हाक, एखादं टोपणनाव, किंवा तुटक बोलणाऱ्या नायकाने पहिल्यांदाच पूर्ण केलेलं वाक्य. आपल्या आजीच्या पिढीत बायकोचं "अहो" आणि नवऱ्याचं "अगं" जन्मभर तसंच राहिलं. दोन्ही बाजूंनी "तू" होणं हीच आपल्याकडे एक प्रेमकथा आहे, आणि ती इंग्रजी पुस्तकात मराठी वाचकालाच दिसते. तुमच्याही वहीत या पानासाठी एक जागा ठेवा.

शयनगृहाचं दार

या प्रसंगांबद्दल लिहिताना मराठी वाचक एकतर गप्प बसतो किंवा नाक मुरडतो. दोन्हींची गरज नाही. हा वाद आपल्याला नवा नाही. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली.

वहीसाठी माझा एकच प्रश्न असतो: हा प्रसंग काढून टाकला तर पुढे काही अडेल का? प्रसंगाआधी ती त्याच्यापासून काही लपवत होती आणि नंतर लपवेनाशी झाली, तर तो प्रसंग कथेचा आहे. काहीच बदललं नसेल तर "पान उलटलं" एवढंच लिहा आणि खरंच उलटा. दार बंद होऊन पुढचं प्रकरण सकाळी उघडतं, अशाही कादंबऱ्या भरपूर आहेत. त्यांना 'क्लोज्ड डोअर' म्हणतात आणि शोधल्या की सापडतात.

संमतीकडेही लक्ष द्या. आजच्या कादंबऱ्यांत नायक "चालेल का?" असं शब्दांत विचारतो. नव्या वाचकांना ते कधीकधी कोरडं वाटतं. माझ्या आईला मी असा एक प्रसंग मराठीत सांगितला होता. ती आयुष्यभर ग्रंथालयातून आणलेल्या कादंबऱ्या वाचत आली, आणि त्यांतले नायक विचारत बसत नसत. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अगं, विचारतो तरी. आमच्या पुस्तकांत कुणी विचारलेलं आठवत नाही मला." तिचं वाक्य मी तारखेसकट वहीत उतरवून ठेवलं आहे. आपल्या नोंदींत दुसऱ्याच्या प्रतिक्रियेला जागा द्यायची, हे मी त्या दिवसापासून करायला लागले.

मैत्रिणी, आज्या आणि शेजारी

यांच्यासाठी थोडकंच. नायिकेची मैत्रीण फक्त सल्ला द्यायला येते की तिला स्वतःचं काही दुखणंखुपणं आहे, एवढं बघा. एखादा देखणा भाऊ दर चार प्रकरणांनी उगाच डोकावत असेल तर पुढचं पुस्तक त्याचं आहे.

दुसऱ्यांना सांगताना

पुस्तक संपल्यावर एक रात्र जाऊ द्या. मग वही उघडून सगळ्या नोंदी सलग वाचा आणि त्यांतल्या तीनच निवडा: एक जिथे पुस्तकाने जिंकलं, एक जिथे हरलं, एक जिथे अजून मन ठरत नाही. त्यावरून दीडशे-दोनशे शब्दांत लिहा. सुरुवातीला ट्रोप, किती उघडं-झाकलं आहे ते, आणि त्रासदायक विषय असतील तर त्यांची सूचना. मग पात्रं. रहस्य फोडायचं असेल तर आधी सांगा. सुखान्त सांगितला तर रहस्यभंग होत नाही, पण अडसर नेमका काय आहे हे सांगितलं तर होतो.

बेकरीच्या गोष्टीवर मी असं लिहिलं असतं: "नायिका पहिल्या पानापासून धीट आहे आणि तिचा धीटपणा कुठून आला हे पान ४८ वर कळतं. त्यानंतर तिच्या प्रत्येक हट्टाला मी माफी देत गेले. नायक चुकतो, पण चूक लपवण्यामागे त्याची भीती आहे हे त्याच्याच प्रकरणांतून दिसत राहतं, त्यामुळे त्याचा राग येण्याआधी कणव आली. माफीचा प्रसंग मात्र दोन पानांत उरकला. तिच्या चाळीस पानांच्या अबोल्याला एवढीशी माफी पुरत नाही, तिथे माझा हिरमोड झाला." असं लिहिलेलं वाचून, ज्याला माफीचे लांबलचक प्रसंग आवडत नाहीत तो वाचकही आपला निर्णय घेऊ शकतो.

लेखिकेच्या दिसण्यावर, लग्नावर, वयावर एक अक्षर लिहू नका. आणि पुस्तक आवडलं नसेल तर समाजमाध्यमांवर तिला टॅग करू नका. ते लिखाण वाचकांसाठी आहे, तिने दारात येऊन ऐकावं म्हणून नाही. अर्ध्यात सोडलेलं पुस्तक 'डीएनएफ' म्हणून नोंदवा, पान क्रमांकासह. पान ३० वर सोडलं की पान २८० वर, यात फार फरक आहे. तारे द्यायचेच असतील तर सगळ्यात शेवटी द्या. आधी दिले की पुढचं लिखाण त्या ताऱ्यांची वकिली करत बसतं.

मग दुसरं पुस्तक. मुद्दाम पहिल्याच्याच ट्रोपचं घ्या, दुसऱ्या लेखिकेचं. तीच फेक डेटिंगची कथा, तीच एकच खाट असलेली हॉटेलची खोली, आणि तरी या वेळी नोंदी वेगळ्या उतरतात. पाच-सहा पुस्तकांनंतर कधीतरी पहिलं पुस्तक पुन्हा वाचा आणि जुन्या नोंदींशेजारी दुसऱ्या रंगाच्या शाईने लिहा. माझ्या पहिल्या वहीत एका नायिकेसमोर निळ्या शाईत आहे: "पान १७६. किती रडते ही!" त्याखाली चार वर्षांनंतरची हिरवी शाई: "हिची आई जाऊन तीनच आठवडे झालेत. पान १२ वर लिहिलंय. मी वाचलंच नव्हतं."